वल्ही मारणं कोळ्यांचं काम?

बडोद्याच्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद. अकरावीतल्या पोराला नौदलात अधिकारी व्हायचंय आणि तो जिममधल्या रोइंग मशीनवर तास घालवतो. दांडिया बाजारातल्या काकांचा निकाल: "पुस्तक धर. वल्ही मारणं कोळ्यांचं काम."

काका, कोळ्यांवाचून मराठ्यांचं आरमार हललं नसतं, हे आधी मान्य करा. मग मी जिथे आहे त्या अमेरिकेतल्या ॲनापोलिसकडे बघा. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये 'एट'चं, म्हणजे आठजणांच्या बोटीचं, सुवर्ण इथल्या नौदल अकादमीच्या पोरांनी ब्रिटनला मागे टाकून जिंकलं, ६ मिनिटं २.६ सेकंदांत. त्यांच्यातला क्लाइड किंग पुढे रिअर ॲडमिरल झाला. त्याला वल्हं सोडून पुस्तक धर असं कुणी म्हटलं नसावं.

आणि हे दंडाचं काम नव्हेच. पाय आधी, मग पाठ, हात शेवटी. आजची एट निदान ९६ किलोची; आत बसलेले आठजण मिळून सातशेच्या आसपास. म्हणून वल्हं पाण्याबाहेर काढल्यावर सरकत्या सीटवरून पुढे येताना कुणी घाई केली, की एवढं वजन बोटीला उलटं ढकलतं आणि कमावलेला वेग जातो. पातं पाण्यातून स्वच्छ निघालं नाही तर 'क्रॅब': मूठ थेट बरगडीत. आठही जणांची पाठ पुढे. पुढचं दिसतं ते फक्त कॉक्सला, म्हणजे सुकाणू सांभाळणाऱ्या नवव्याला. पुस्तकात हे शिकवून बघा.

पण बडोद्यात पाणी कुठाय? शर्यतीला दोन हजार मीटर सरळ लागतात. सूरसागर तलावात ते मावत नाहीत, आणि आजवा जलाशयाचं पाणी शहर पितं. म्हणजे मशीनच. पोराने डँपर (ओढ जड-हलकी करणारी कळ) दहावर ठेवला असेल तर चारवर आणावा. दहावर ताकद दिसते, कंबर जाते. मिनिटाला अठरा-वीस स्ट्रोक, तीसेक मिनिटं. पाठ गोल व्हायला लागली की थांबायचं.

आपल्याकडे क्रम उलटा: आधी भरती, मग वल्हं. चांदवडचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हं शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी मारायच्या शर्यतीत, तेरावा आला. ग्रुपवर मी 'आपल्याकडे काही नाही' म्हणतो खरा. पण इथे ॲनापोलिसला सेव्हर्न नदीकाठी कुणी विचारलं, "तुमच्याकडे रोइंग असतं?" तर पहिलं नाव त्याचंच घेतो, आणि 'तुमच्याकडे' हा शब्द तेव्हा खटकतो.