कावीळ बरी झाली म्हणून रक्तदान चालते का?

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत महाविद्यालयांतली शिबिरे बंद पडतात आणि रक्ताची चणचण भासू लागते. त्या दिवसांत नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो: 'कावीळ बरी होऊन सहा महिने झाले की कोणीही रक्तदान करू शकतो, अर्जात जुना आजार लिहू नका, रक्त तपासले जातेच, हिपॅटायटिस सी तर आता गोळ्यांनी बरा होतो.'

पहिले विधान दोनदा चुकते. कावीळ हे लक्षण आहे. ती कशामुळे झाली, यावर सारे अवलंबून असते. हिपॅटायटिस, म्हणजे विषाणूंमुळे होणारा यकृतदाह, हे एक मोठे कारण. त्याच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या 'ए' आणि 'ई' प्रकारांसाठी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांत १२ महिन्यांची मुदत आहे, सहा नव्हे. 'बी' किंवा 'सी' झालेल्यांना कायमची मनाई आहे, आणि प्रकार ठाऊक नसलेल्यांनाही तीच. आपल्याकडे हा शेवटचा गट लहान नसावा, कारण गळ्यात काविळीची माळ घालून किंवा झाडपाल्याचे औषध घेऊन बरे झालेल्यांजवळ तपासणीचा कागद कुठून असणार? नवजातपणीची किंवा पित्ताशयातील खड्यांमुळे झालेली कावीळ मात्र आड येत नाही.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे. प्रत्येक पिशवीची 'बी' आणि 'सी'साठी तपासणी सक्तीची आहे, हे खरे. परंतु संसर्गानंतरचे काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही, आणि 'बी'चा विषाणू तर पृष्ठ-प्रतिजनाची (विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची) नेहमीची चाचणी नकारात्मक असतानाही यकृतात दडून राहू शकतो. म्हणूनच अर्जातले प्रश्न ही चाचणीआधीची चाळणी आहे. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांचे रुग्ण पुष्कळ. त्यांतल्या ज्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते, त्यांच्यासाठी प्रत्येक पिशवीबरोबर हा धोका नव्याने उभा राहतो. २०२२ मध्ये नागपुरातील थॅलेसेमियाग्रस्त चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले, तेव्हा संशयाची सुई रक्ताकडेच वळली होती. तो विषाणू वेगळा, पण चाचणीतून निसटण्याची वाट तीच.

तिसरे विधान स्वतःपुरते खरे आहे, पण म्हणून रक्तदान चालते असे नाही. 'सी' बहुतेकांत औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून उपचार मोफत आहेत. तरीही विषाणू गेल्यावर प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे अशा व्यक्तीची पिशवी प्रतिपिंड-चाचणीत अडकून बहुधा टाकूनच द्यावी लागेल; शिवाय निकष बरे झालेल्यांना वेगळी सवलत देत नाहीत.