सव्वादोनचा सेमिनार आणि तीन गुण

गावाकडच्या प्राध्यापक मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या वाद पेटलाय. एका सरांनी सुचवलं की गणित विभागांत दर आठवड्याला संशोधन सेमिनार सक्तीचा करावा, हजेरी बायोमेट्रिक घ्यावी आणि पदोन्नतीत त्याचे गुण धरावेत. लगेच दोन तट पडले. सक्ती केल्याशिवाय आपल्याकडे पान हलत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. भरती होत नाही, आहेत त्यांनी तास घ्यायचे, पेपर तपासायचे की कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली भरायच्या, हे दुसऱ्या बाजूचं. मग ठरल्याप्रमाणे मोर्चा माझ्याकडे वळला: “मॅडम, तुम्ही तिकडे जर्मनीत रोज बघता, तुम्हीच सांगा.”

तर सांगते. मी बॉनला असते. विद्यापीठाचा गणित विभाग एंडेनिशर ॲलेवर आहे, आणि माक्स प्लांक गणित संस्था ऐन गावात, बीथोवनच्या पुतळ्यामागच्या जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत. सेमिनारच्या वेळेपुढे दोन लिहिलेले असतात, सुरुवात होते सव्वादोनला. हा पाव तास इथल्या विद्यापीठांचा जुना रिवाज आहे, त्याला कोणी उशीर म्हणत नाही. वक्ता येतो, कोणीतरी त्याचं नाव आणि विषय सांगतं, आणि तो खडू उचलतो. फळा भरला की ओल्या स्पंजने पुसायचा, मग रबरी पट्टीने पाणी खाली ओढायचं. हे काम वक्त्यानेच करायचं, मग तो कितीही मोठा असो. मला हा पुसण्याचा अर्धा मिनिट फार मोलाचा वाटतो. तेवढ्यात खालच्यांना मागची ओळ पुन्हा वाचता येते, शेजाऱ्याला “हे कुठून आलं?” विचारता येतं. स्लाइड सरकवणाऱ्यांच्या सेमिनारात ही सोय नाही.

आणि मध्ये तोडायची मुभा. तिसऱ्याच मिनिटाला पहिल्या रांगेतली एखादी ज्येष्ठ व्यक्ती म्हणते, “ही व्याख्या मला कळली नाही, उदाहरण द्या.” एवढ्या ज्येष्ठ माणसाला कळत नाही म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या पोराची भीड चेपते. शेवटी टाळ्यांऐवजी बाकावर बोटांची पेरं वाजवतात. शाल नाही, श्रीफळ नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. संस्थेत चारला चहा असतो. सभागृहात विचारायला लाज वाटलेला प्रश्न तिथे कपावर विचारला जातो, आणि खरं काम बरेचदा तिथेच होतं.

या मोकळेपणाला इथे मोठी परंपरा आहे. गणिती फ्रीड्रिख हिर्झेब्रुख यांनी १९५७ साली बॉनमध्ये ‘आर्बाइट्सटागुंग’ नावाची वार्षिक बैठक सुरू केली. पहिल्याच वर्षी तिथे अतिया, ग्रोतेंदीक यांच्यासारखे मोठे गणिती होते, आणि ग्रोतेंदीक रीमान-रोख प्रमेयाच्या आपल्या नव्या मांडणीवर तासन्‌तास बोलले. पुढे या बैठकीची एक रीत पडली. कार्यक्रमपत्रिका आधी छापायचीच नाही. हिर्झेब्रुख फळ्यापाशी उभे राहायचे, सभागृहातून नावं यायची, विषय यायचे, आणि सगळ्यांसमोर वक्ते ठरायचे. आपल्याकडे उद्‌घाटक कोण, यावर तीन बैठका होतात.

हे मी तुच्छतेने लिहीत नाही. आपल्याकडचा सोहळा का होतो ते कळतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत परिसंवादातल्या व्याख्यानाला गुण ठरलेले आहेत: परदेशात आंतरराष्ट्रीय असेल तर ७, देशातच आंतरराष्ट्रीय असेल तर ५, राष्ट्रीय ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. मग दर आठवड्याला आपल्याच खोलीत, आपल्याच सहकाऱ्यांसमोर, अर्धवट कळलेल्या गोष्टीवर तासभर बोलायला किती गुण? शून्य. आणि झूमवर माझ्यासारखी एक बाई बॉनहून दिसली की तालुक्याच्या कॉलेजातला वेबिनार ‘आंतरराष्ट्रीय’ होतो. मला अशी आमंत्रणं येतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, प्राचार्यांचं मनोगत, मग माझ्यासाठी उरलेली वीस मिनिटं, मग आभार आणि चॅटमध्ये फीडबॅक फॉर्मची लिंक, कारण फॉर्म भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र येत नाही. प्रश्न एकही येत नाही. त्यात प्राध्यापकांचा आळस नाही. नियमाने जे मागितलं ते त्यांनी दिलं. म्हणूनच साप्ताहिक सेमिनारला गुण लावायची सूचना मला घातक वाटते. गुण लागले की तोही फोटोसाठीच होईल.

“पण तिकडची माणसंच वेगळी,” हा गटावरचा हुकमी डायलॉग. साफ खोटं. भारतीय गणित परिषद १९०७ साली निघाली तेव्हा परदेशी नियतकालिकं एकेकट्या माणसाला परवडत नव्हती, म्हणून वर्गणी काढून ती सभासदांत टपालाने फिरवायची, हाच मूळ बेत. तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं आणि सांभाळायला रँग्लर परांजपे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती के. चंद्रशेखरन यांनी बाहेरून मोठे गणिती बोलावले आणि त्यांच्या व्याख्यानांची टिपणं काढायचं काम तरुण पोरांवर टाकलं. १९५५ मध्ये लॉराँ श्वार्त्झ बोलले, टिपणं एम. एस. नरसिंहन यांनी लिहिली. दहा वर्षांनी याच नरसिंहन यांचं गणिती सी. एस. शेषाद्रींबरोबरचं प्रमेय जगभर गेलं. टिपण काढणाऱ्याला मान डोलावून भागत नाही. ओळ लिहायची तर ती कळावी लागते, न कळली तर पाहुण्याला गाठून विचारावं लागतं. सेमिनार हवाच असेल तर ही युक्ती उचला. खर्च वही-पेनाचा.

आता इथली दुसरी बाजू, कारण बॉनचं नुसतं कौतुक ऐकून मंडळींचा गैरसमज होतो. चहाला भेटणाऱ्यांतले बरेच जण कंत्राटी. २००७ च्या जर्मन कायद्याप्रमाणे डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतं. त्यानंतर कायमची जागा नाही मिळाली तर बहुतेकांना बाहेरची वाट. २०२१ मध्ये यावर देशभर ओरड झाली. चांगले प्रश्न विचारणारी मुलगी एका सप्टेंबरात दिसेनाशी होते, कळतं की ती विमा कंपनीत लागली. आपल्या विभागात माणसं तीस-तीस वर्षं एकत्र असतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगती वाढतात. इतका जुना सहवास इथे मला कुठे दिसत नाही. एवढ्या ओळखीत “मला हे येत नाही, समजावून सांग” म्हणणं खरं तर सोपं जायला हवं. ते का जात नाही, यावर गटात कोणी बोललं तर मला ऐकायचंय.

शिवाय आपल्याकडे कायम असलेले थोडेच. तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींचं काय? गणिताची भूक त्यांच्यातच जास्त, पण त्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. दुपारी अडीचला दुसऱ्या कॉलेजात तास असेल तर ती सेमिनारला थांबणार कशी? बॉनचा कंत्राटी संशोधक उद्या जाणार असला तरी महिन्याच्या पगारावर असतो, सेमिनारात बसल्याने त्याचा एक सेंटही कापला जात नाही. तेव्हा माझं मत विचारताय तर बायोमेट्रिक नको आणि गुणही नकोत. तासिकावाल्यांना आठवड्याचा तो एक तास मानधनात धरून द्या, आणि खोलीला एक धड फळा.