दहा ग्रॅम दगडफूल

मला मुतखडा नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण नागपूरच्या मस्कासाथेतल्या एका किराणा दुकानात रविवारी सकाळी हजर असलेल्या आठ-दहा माणसांचा समज वेगळा आहे.

मागितलं एवढंच होतं : १० ग्रॅम दगडफूल. दुकानातल्या पोऱ्यानं काउंटरवर सावजी मसाल्याचं पाकीट आपटलं. ‘‘यात सगळं आहे.’’ मी म्हटलं, नको, दगडफूलच दे. तेवढ्यात शेजारचे काकाजी वळले. डोक्यावर हेल्मेट तसंच, काच वर केलेली, काखेत पोह्यांचा पुडा.

‘‘मुतखडा झाला काय?’’

‘‘नाही काकाजी, मसाल्याला पाहिजे.’’

‘‘लाजता काहून? मलेबी झाला होता. बारा एमएमचा.’’ आणि पुडा खाली ठेवून दोन बोटांत माप दाखवलं. चांगलं लिंबाएवढं.

मागून एक मावशी म्हणाल्या, कुळथाचं पाणी घ्या. मालकानं गल्ल्यावरून मान वर न करता पानफुटीची दोन पानं सुचवली, अनशापोटी. पोतं उतरवणारा हमाल ‘बीअर’ एवढंच बोलला आणि पुन्हा पोत्याकडे वळला. काकाजींनी तिन्ही उपाय हातानंच उडवून लावले. त्यांच्या मते खड्यावर औषध एकच, दगडफूल.

‘‘किती दिवसापासून दुखून राहिलं?’’

‘‘दुखत नाहीये हो. घरी मटण करायचं आहे.’’

दुकान शांत झालं. ‘‘खडा असताना मटण? डाक्टरनं सांगितलं नाही काय? पालक बंद, टमाटर बंद, मटण तर पयले बंद!’’

‘‘पण खडा नाहीच आहे!’’

‘‘मंग दगडफूल कायले पायजे?’’

‘‘मटणात टाकायला.’’

काकाजींनी हेल्मेटच्या आतून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘मटणाले तर पाकीट असते ना बाप्पा,’’ असं म्हणून ते पाकीट त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत टाकलं. वर हळू आवाजात : ‘‘वहिनी माहेरी गेल्या काय?’’

आता या पाकिटाचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय ठेवावी. माझ्या पिशवीत शिरलेल्या पाकिटावर धने, मग मिरची, आणि तिसऱ्या नंबरवर मीठ. मसाल्याच्या भावानं मीठ! दगडफुलाचं नावच नाही. असलंच तर ‘इतर मसाले’ या दोन शब्दांत गुदमरलेलं. घरचा माणूस सवयीनं वेगळं मीठ घालतो, रस्सा खारट होतो, मग कुणीतरी आलू टाका म्हणून सांगतं. आलू खारट पाणी पितो आणि स्वतः खारट होतो. उरलेला रस्सा होता तेवढाच खारट राहतो. उपाय एकच : बिनमिठाचं गरम पाणी वाढवा, आणि फार पातळ झालं तर वाटणही वाढवा.

दुसरी तक्रार तिखटाची. सावजी म्हणजे नुसता जाळ, असं पुण्या-मुंबईकडे धरून चालतात आणि पाकीटवाले त्यांच्यासाठी लाल तिखट भरतात. हे जेवण नागपुरातल्या हलबा कोष्टी घरांतलं, विणकरांचं. रंग काळपट, आणि तो येतो भाजण्यातून. तिखटपणा जिभेवर चढतो तो मिरी-लवंगेचा, मिरची नंतर.

१ किलो मटणाला धने ३ मोठे चमचे, जिरं १ लहान चमचा, शहाजिरं अर्धा, लवंगा ६, मिरी १२, मसाला वेलदोडे २, हिरव्या वेलच्या ४, बोटभर दालचिनी, १ चक्रफूल, जायपत्रीची १ पाकळी. सुक्या मिरच्या १०. भिवापुरी मिळाल्या तर ७ पुरतात. सुकं खोबरं ५० ग्रॅम, खसखस २ मोठे चमचे. आणि दगडफूल, चिमटीत मावेल तेवढं, फार तर २ ग्रॅम.

सगळं एकदम कढईत लोटून भाजणारे लोक आहेत. त्यांचा अर्धा मसाला कच्चा आणि अर्धा कोळसा. धने जाड, त्यांना वेळ लागतो. मिरची तेवढ्यात जळून घरभर ठसका. म्हणून आधी लवंग-दालचिनीसारखा खडा मसाला थेंबभर तेलावर, मग धने-जिरं, मग मिरच्या, मग खोबरं बदामी होईस्तोवर. खसखस सगळ्यात शेवटी, आच बंद करून, तापलेल्या कढईतच. अर्ध्या मिनिटात होते. जळलेली खसखस आणि जळलेलं खोबरं रस्सा कडू करतात. कडूपणावर गूळ टाकून पाहिलेले सगळे शेवटी कडू-गोड रस्सा खातात. भाजलेलं पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर मिक्सरमध्ये खोबऱ्याचं तेल सुटून लगदा होतो. खसखस वेगळी, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा. कोरडी टाकली तर दाताखाली वाळू.

मटण घेताना मऊ-मऊ रान, म्हणजे मांडी, मागू नका. दस्त (पुढचा पाय-खांदा), सीना (छाती), गर्दन (मान), दोन नळ्या. त्यातल्या चिवट पडद्यांचं मंद आचेवर जिलेटीन होतं आणि तेच रश्शाला ओठ चिकटतील असं अंग देतं. पाकीट हे काम स्टार्चकडून करून घेतं.

तेल १५० मिली. हात आखडला तर तर्री विसरा. पूर्वी जवसाचं तेल असायचं, आता बहुतेक घरी फल्लीतेल (शेंगदाण्याचं) किंवा सोयाबीन. गंजात, म्हणजे पातेल्यात, तेल तापवून तेजपान, आलं-लसणाचं वाटण २ मोठे चमचे, मग सालीसकट गॅसवर भाजून, सोलून वाटलेले ३ कांदे. या कांद्यातलं पाणी उडायला १०-१२ मिनिटं लागतात. इथे घाई केली की शेवटपर्यंत कच्चा वास. मग हळद, मसाला, खसखस. तळाला लागेल असं वाटलं की घोटभर गरम पाणी आणि सराट्यानं (उलथण्यानं) खरडणं. कडेनं तेल सुटलं की मटण आणि मीठ. मोठ्या आचेवर १० मिनिटं परता. मटण स्वतःचं पाणी सोडेल, ते आटू द्या. त्यानंतर सव्वा लिटर उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की गंज थंड पडतो आणि पुन्हा उकळी येईस्तोवर तुम्ही गॅससमोर उभे.

मंद आचेवर दीड ते दोन तास. रस्सा फक्त हलला पाहिजे. धडाधडा उकळला की मटणाचे धागे आवळतात आणि तर्री रश्शात फेसाळून मिसळते. घाई असेल तर कुकर : एक शिट्टी, मग बारीक आचेवर २० मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या, आणि वर १० मिनिटं झाकण काढून उकळा, तर्री तेव्हा वर येते. उतरवण्याआधी १५ मिनिटं ज्वारीचं पीठ १ मोठा चमचा, कोरडं भाजून गार पाण्यात कालवलेलं. थेट टाकलं तर गोळ्या. टमाटर नाही, दही नाही. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर.

आणि दगडफूल? ते फूल नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार, दगडावर-झाडावर वाढणारा. कच्चं हुंगलं तर जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा वास. गरम तेलात पडलं की धूर आणि माती. जास्त झालं तर कडू. साली-खडे निवडून घ्यावे लागतात. (खडे निवडताना मला काकाजींची फार आठवण आली.)

मालकानं १० ग्रॅम दिलंच नाही. ‘‘तेवढं काट्यावर येत नाही. शंभर न्या.’’ एवढ्या हलक्या वस्तूचे १०० ग्रॅम म्हणजे छोटी उशी. ती फ्रिजवर ठेवली आहे. किलोला २ ग्रॅम, म्हणजे ५० किलो मटण. महिन्यातून एकदा केलं तर चार वर्षांहून जास्त, आणि वास तर वर्षभरात उडून जाणार.

या रविवारी खसखस संपली म्हणून परत गेलो. पोऱ्यानं न सांगता ५० ग्रॅम मोजली, पुडी बांधली, दोरा तोडला आणि गल्ल्यावरच्या मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘काका, पडला का खडा?’’