‘पाचशे तासांत डॉक्टर’ होणाऱ्या अमेरिकन नर्स?

मुलं अमेरिकेत असलेल्या आईवडिलांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘अमेरिकेत डॉक्टर परवडेनासे झाले, म्हणून आता नर्सना घरबसल्या ऑनलाइन कोर्स देऊन नर्स प्रॅक्टिशनर करतात. पाचशे तासांत डॉक्टर! कुणाची देखरेख नाही, हवं ते औषध लिहितात. यांच्याकडे गेलेले पेशंट दगावतात हे संशोधनात सिद्ध झालंय. तपासायला अशी बाई आली तर सरळ उठून या.’

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणारी, निदान करणारी आणि औषध लिहून देणारी नर्स. मजकुरातला पाचशेचा आकडा हवेतला नाही. त्याच्या जोरावर बाकीचा मजकूर खपून जातोय.

‘आता’ हा शब्द आधी घेऊ. लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी कोलोरॅडो विद्यापीठात पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला तो १९६५ साली. गावोगावच्या मुलांना तपासायला पुरेसे डॉक्टर नव्हते, हे त्यामागचं कारण. म्हणजे ही ‘नवी’ सोय साठीला पोचली आहे. पैशाचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. त्याच कामासाठी मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, डॉक्टरला जे देतं, त्याच्या ८५ टक्के नर्स प्रॅक्टिशनरला देतं, आणि त्यांचा पगारही डॉक्टरपेक्षा बराच कमी असतो. दवाखाने चालवणाऱ्या कंपन्यांना हे गणित कळतं.

आता ‘घरबसल्या कोर्स’. रूढ वाट अशी: चार वर्षांची नर्सिंगची पदवी, मग एनक्लेक्स ही परवाना परीक्षा देऊन रजिस्टर्ड नर्स व्हायचं. त्यानंतर दोन-तीन वर्षांची मास्टर्स, किंवा त्याहून लांबची डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस ही पदवी. त्यात शरीरक्रियेतले बिघाड, औषधशास्त्र आणि रुग्णतपासणी हे तीन विषय वरच्या पातळीवर पुन्हा शिकावेच लागतात. मग राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, आणि शेवटी राज्याचा वेगळा परवाना. थिअरीचे तास अनेक ठिकाणी ऑनलाइन असतात, हे खरं. रुग्ण तपासण्याचे तास मात्र दवाखान्यात उभं राहूनच भरावे लागतात.

मजकूर लिहिणाऱ्याला खरंच बोट ठेवायचं असतं, तर जागा इथे होती. हे तास ज्याच्या हाताखाली भरायचे, तो अनुभवी डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर अनेक कॉलेजांत विद्यार्थिनीला स्वतःच शोधावा लागतो. कुणाला कसलेला गुरू भेटतो, कुणाला जो ‘हो’ म्हणाला तो. परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते, पण तिथवर पोचणाऱ्यांची तयारी सारखी असेलच असं नाही. आणि नर्स प्रॅक्टिशनरची बाजू घेणारे ‘प्रत्येकीला वॉर्डातला वर्षानुवर्षांचा अनुभव असतो’ असं सांगतात, तेही सरसकट खरं नाही. दुसऱ्याच विषयातली पदवी घेऊन थेट या वाटेला लागता येतं, असे अभ्यासक्रम आहेत. त्यात नर्सचा परवाना वाटेतच मिळवतात.

पाचशे तास. नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय निकषांत रुग्ण तपासण्याच्या तासांचा हा जुना किमान आकडा आहे. २०२२ मध्ये तो ७५० झाला. डॉक्टरेटच्या वाटेने गेलं तर पदवीनंतरचे किमान एक हजार तास लागतात. नर्सिंगच्या पदवीत वॉर्डात घालवलेले तास यात धरलेले नाहीत. तरी डॉक्टरशी तुलना करायची तर दरी प्रचंडच आहे, तिथे मजकुराशी माझं भांडण नाही. फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टरला मेडिकल कॉलेजनंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं प्रशिक्षण, असते आणि तिथे आठवड्याला कमाल मर्यादाच ८० तासांची आहे. नुसत्या रेसिडेन्सीचे तास दहा हजारांच्या घरात जातात.

पण एवढ्या कमी तासांत डॉक्टरचं सगळं काम करायला कुणी शिकवत नाही. कोणत्या रुग्णांसाठी शिकायचं ते आधी ठरतं: कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालकं, नवजात अर्भकं, स्त्री-आरोग्य किंवा मानसिक आजार. परीक्षाही त्याचीच. लहान मुलांची नर्स प्रॅक्टिशनर आजोबांचा मधुमेह बघायला बसत नाही. प्रौढ आणि बालकांच्या शाखेत दवाखान्यातली नेहमीची तपासणी आणि रुग्णालयातले गंभीर आजार अशा पुन्हा दोन वाटा आहेत. काही रुग्णालयं पहिल्या वाटेने आलेल्यांना दुसरीकडच्या कामाला लावतात. ते मला धोक्याचं वाटतं, पण त्याबद्दल मजकुरात अक्षर नाही.

‘देखरेख नाही’ म्हणताना लिहिणारा कुठल्या राज्याबद्दल बोलतोय? अमेरिकेत हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. निम्म्याहून अधिक राज्यांत त्या स्वतंत्रपणे निदान करून औषध लिहू शकतात. टेक्सासमध्ये औषध लिहायचं तर डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि कडक नियंत्रणाखालची वेदनाशामकं रुग्णालय किंवा हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा) सोडून लिहिता येत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये पहिले ३,६०० तास करारात काढावे लागतात. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने वाट मोकळी केली, पण टप्प्याटप्प्याने: आधी तीन वर्षं किंवा ४,६०० तास, मग डॉक्टर असलेल्या संस्थेत काम, आणि त्यानंतरच पूर्ण स्वतंत्र. नियंत्रित औषधांसाठी केंद्राकडची नोंदणी सगळीकडेच लागते. ‘हवं ते औषध’ कुठेच नाही.

राहिलं संशोधन. २००० साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात न्यू यॉर्कमधल्या १,३१६ रुग्णांचा अभ्यास आला. चिठ्ठी टाकावी तसे काही डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे पाठवले होते. सहा महिन्यांनी तब्येतीत लक्षणीय फरक नव्हता. उलट बाजूचा अभ्यास २०२२ चा, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या इमर्जन्सी विभागांचा. तिथे नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलेल्यांचा मुक्काम सरासरी ११ टक्के लांबला, आणि टाळता आलं असतं असं पुढच्या महिन्याभरातलं भरती होणं २० टक्के वाढलं. ‘दगावतात’ ही मजकुरातली भर. त्याच अभ्यासाचं असंही म्हणणं होतं की चांगला डॉक्टर आणि सुमार डॉक्टर यांच्यातलं अंतर दोन पेशांच्या सरासरीतल्या अंतरापेक्षा मोठं आहे. मला दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडताना दिसत नाहीत. पहिल्यातलं काम दमा, मधुमेह, रक्तदाब असल्या नेहमीच्या आजारांच्या पाठपुराव्याचं होतं, दुसऱ्यातलं दारातून काय येईल ते झेलण्याचं.

म्हणून ‘उठून या’ हा सल्ला मी देणार नाही. छातीच्या बिल्ल्यावर नावापुढची अक्षरं वाचा, कोणत्या शाखेच्या ते विचारा. दुखणं नवं आणि घोटाळ्याचं असेल, चार जुने आजार एकमेकांत गुंतलेले असतील, तर डॉक्टरांना दाखवायचं आहे असं स्वच्छ सांगा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. बीपीची गोळी वाढवायची का, एवढंच बघायला आलेल्या बाईंसमोरून उठलात, तर पुढची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते फॉरवर्ड पाठवणाऱ्यालाच विचारा.