ऊन आंबट असतं का?

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळेत. ओट्यावर नव्हे. ‘सुट्टीत मुलांना स्वयंपाकघरातच विज्ञान शिकवा’ असं सांगणाऱ्यांच्या घरी ओटा कोण पुसतं, हे एकदा बघायचंय मला.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी दोन शास्त्रज्ञ आहेत. थोरली चिऊ दुसरीत, तिला सगळं वहीत लिहायचं असतं. धाकटा बाळ्या बालवाडीत, त्याला फक्त ‘फस्स’ झालेलं हवं असतं. दाट मिठाच्या पाण्यात बटाटा तरंगवणं, सोडावॉटरमध्ये मनुके नाचवणं हे सभ्य प्रयोग. त्यात काही सांडत नाही, म्हणून ते मुलांना आवडत नाहीत.

फस्स म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. कार्बन डायऑक्साइड निघतो, पेला उतू जातो आणि विज्ञान तिथंच संपतं. पुढचं सगळं फडक्याचं काम. सोडा इतका लागायला लागला की कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी विचारलंच, “बेन, खमणनो धंधो चालू कर्यो के शुं?”

म्हटलं, चला, खमणच करू. वायू तोच, निदान पोटात तरी जाईल. सोडा घातला की पीठ लगेच वाफवायला ठेवायचं, नाहीतर बुडबुडे निघून जातात, हेही समजावलं. “निघून कुठे जातात ते बघू ना!” म्हणत बाळ्या पातेल्याला मिठी मारून बसला. त्या दिवशीच्या खमणाने खिळा ठोकता आला असता. चिऊने वहीत नोंद केली: ‘गॅस पळाला. बाबांनी खाल्लं.’

मग हळद. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. मी कर्क्युमिन, आम्ल, अल्कली वगैरे सुरू केलं, तर सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, “त्यात काय एवढं? हळदीला चुना लावूनच तर कुंकू करायचे.” माझं व्याख्यान तिथंच आटोपलं.

मुलांचं मात्र आटोपलं नव्हतं. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग होता, त्यावर दोघांनी मनापासून साबण चोळला. अंघोळ करून बाहेर आलेला नवरा किंचाळला, “अगं, हे रक्त कुणाचं?”

सदरा खळबळून गच्चीवर टाकला. बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन इतर कशाच्या उपयोगाचं नसलं तरी हळदीचा रंग हमखास उडवतं. संध्याकाळपर्यंत डाग जवळजवळ गेला. चिऊ वही घेऊन हजर. “आई, लिंबानेही लाल जातं, उन्हानेही जातं. म्हणजे ऊन आंबट असतं?”

मी उत्तर जुळवत होते, तोवर बाळ्या गच्चीवर जाऊन सूर्याकडे जीभ काढून उभा राहिला होता.