सहा कोनांची सरासरी म्हणजे परावर्तन नव्हे

गच्चीच्या रंगाबद्दलचा एक मेसेज सध्या नाशिकभर फिरतोय. सिडकोतल्या आमच्या मावशींकडे तो तीन ग्रुपांवरून आला आणि त्या भरवशावर त्या रंगवाल्याला ॲडव्हान्स द्यायला निघाल्या, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज थोडक्यात असा: चकचकीत रंगच घ्या, चकाकी जास्त तितकं ऊन परत जातं. एसआरआय (रंग उन्हात किती थंड राहतो याचा निर्देशांक) १०८ असेल तर १०८ टक्के प्रकाश परततो. खात्री करायची तर मोबाइलच्या लक्स मीटर ॲपने आधी सूर्याकडचा आकडा घ्या, मग सहा कोनांतून रंगाचे आकडे घ्या, त्यांची सरासरी काढून पहिल्या आकड्याने भागा. खोली १५ अंशांनी थंड होते.

सगळ्यात घातक भाग मोजमापाचा आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो.

रंगाच्या एका ठिपक्यावर टोपली उपडी ठेवली आहे असं समजा. ठिपक्यावरून निघालेला सगळा प्रकाश टोपलीच्या आतल्या बाजूवर पडणार. आता टोपलीचे माथ्यापासून काठापर्यंत १५-१५ अंशांचे सहा पट्टे करा. माथ्याजवळचा पट्टा इवलासा, काठाजवळचा सर्वांत मोठा. पण काठाकडे जाणारा प्रकाश ठिपक्यावरून अगदी तिरपा निघतो, त्यामुळे त्याचा वाटा पुन्हा घटतो. दोन्हींचा हिशेब सोपा आहे: पट्ट्याच्या काठाकडच्या कोनाच्या साइनचा वर्ग, वजा माथ्याकडच्या कोनाच्या साइनचा वर्ग. कोन उभ्या रेषेपासून मोजायचे. सहा पट्ट्यांचे वाटे येतात ६.७, १८.३, २५, २५, १८.३ आणि ६.७ टक्के. मेसेजमधली सरासरी मात्र प्रत्येकाला सरसकट १६.७ देते.

याने काय बिघडतं ते पाहा. एक रंग सगळ्या दिशांना आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाच्या ६० टक्के उजळ दिसतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा चकाकी सरळ वर परतते आणि पहिल्या पट्ट्याची उजळी ६० ऐवजी १२० होते. साधी सरासरी ७० येते. योग्य वाटे धरले तर ६४. बरं, पट्ट्यातली चकाकी सगळीकडे सारखी नसते. फोन नेमका तिच्या मध्यावर आला आणि ३०० वाचला, तर सरासरी थेट १००! रंग तोच, खरा आकडा ६४. सूर्य कलता असेल तर चकाकी फक्त सूर्याच्या समोरच्या बाजूला पडते. मग एकाच बाजूने घेतलेले सहा आकडे बिनकामाचे, सगळ्या दिशांनी फिरून मोजावं लागतं.

आणि हे सगळं करायची गरजच नसते. सपाट सेन्सर, तिरप्या प्रकाशाला कोसाइनच्या प्रमाणात मोजणारा, रंगाला समांतर खाली तोंड करून धरला की तो सगळ्या कोनांची बेरीज योग्य वाट्यांनी आपोआप करतो. गच्चीवर परावर्तन मोजायची एएसटीएम ई १९१८ ही प्रमाणित पद्धत याच तत्त्वावर चालते. पायरॅनोमीटर, म्हणजे उन्हाची ऊर्जा मोजणारा असा सपाट सेन्सर, रंगापासून ५० सेंटिमीटर उंच, लांब दांड्यावर, आपली सावली पडणार नाही असा धरायचा. आकाश निरभ्र हवं, सूर्य उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत हवा. नाशिकला मेमध्ये याला साडेनऊ ते साडेतीन वेळ मिळतो, डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य ४३ अंश कललेला असतो, म्हणजे वेळ अगदी थोडा. सेन्सरचं तोंड वर करून येणाऱ्या उन्हाचं वाचन, खाली करून परतणाऱ्याचं, मग पुन्हा वरचं, असं तीनदा. वर ९०० आणि खाली ६३० वॅट प्रति चौरस मीटर आले तर परावर्तन ७० टक्के.

इथे लोक हमखास चुकतात ते नमुन्याच्या आकारात. पद्धत किमान चार मीटर रुंद पृष्ठभाग मागते. तेवढ्यावर ५० सेंटिमीटर उंचीवरून दिसणाऱ्या भागाचा सुमारे ९४ टक्के रंगाचा असतो. रंगवाला दाखवतो तो मीटरभराचा चौकोन. त्यावर जवळपास निम्मा भाग बाजूच्या कोब्याचा, कठड्याचा आणि टाकीचा येतो.

फोनचा सेन्सर काचेखाली असतो, तो तिरपा प्रकाश नीट मोजत नाही. शिवाय लक्स म्हणजे फक्त डोळ्याला दिसणारा प्रकाश. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त असते, ती लक्समध्ये धरलीच जात नाही.

चकाकीबद्दल एवढंच: रंगाच्या गुळगुळीत पापुद्र्यावरून समोरून येणाऱ्या प्रकाशाचे साधारण चार टक्केच आरशासारखे परततात. वरच्या ६४ मधले चार तेच. बाकीचे ६० आतल्या पांढऱ्या कणांनी विखुरलेले. चकाकी मोजणाऱ्या ग्लॉस मीटरवर १०० आकडा पॉलिश केलेल्या काळ्या काचेला मिळतो! ती काच गच्चीवर अंथरणार का?

एसआरआय ही टक्केवारी नाही. ५ टक्के परावर्तनाच्या काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ८० टक्क्यांच्या पांढऱ्याला १०० मानून, उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही धरून केलेली ती मोजपट्टी आहे. १०८ म्हणजे परावर्तन साधारण ८५ टक्के. आलं त्यापेक्षा जास्त प्रकाश कुठलाही रंग परत पाठवू शकत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: पांढऱ्या रंगाने स्लॅब खरंच बराच कमी तापतो. भर उन्हात काळपट कोबा आणि पांढरा रंग यांच्या पृष्ठभागात १५ अंशांचा फरक पडू शकतो. पण तो पृष्ठभागाचा फरक आहे, खोलीतल्या हवेचा नव्हे. धूळ बसली, पावसाळ्यात शेवाळ आलं की तोही घटतो.

मावशी, ॲडव्हान्स देण्याआधी रंगवाल्याकडून दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या: सोलर रिफ्लेक्टन्स (उन्हाचं परावर्तन) आणि थर्मल एमिटन्स (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता). दोन्ही नव्या रंगाचे आणि तीन वर्षं उन्हापावसात राहिलेल्या रंगाचेही.