गुण वाढवा, रुग्ण आपोआप बरे होतील

अभिनंदन, साहेब! जिल्हा रुग्णालय तुमच्या ताब्यात आलं. आता कर्मचाऱ्यांच्या कामाचं मूल्यमापन करून त्यांना अभिप्राय द्यायचा आहे. घाबरू नका, रीत ठरलेली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. २०१५ साली 'कायाकल्प' योजना आली, तेव्हापासून स्वच्छतेला गुण मिळतात आणि ७० टक्क्यांच्या वर गेलात की बक्षिसाच्या रांगेत उभं राहता येतं. पाहणीच्या आठवडाभर आधी भिंती रंगवा, म्हणजे वास जातो. मोडक्या खाटा गच्चीवर हलवा. शेजारच्या जिल्ह्याची टीम तपासायला आली की फार काळजी करू नका. तीही माणसंच आहेत, आणि त्यांच्याकडेही कुणीतरी तपासायला जाणारच आहे. पोहे मात्र गरम हवेत.

आता प्रसूतिकक्ष. २०१७ मध्ये 'लक्ष्य' आलं, म्हणजे प्रसूतिकक्षाच्या दर्जाला गुण देणारा सरकारी कार्यक्रम, आणि बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते टिपणाऱ्या पार्टोग्राफला भाव आला. हा कागद खरं तर कळा सुरू असताना भरायचा: दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दर चार तासांनी गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते. रेघ छापलेल्या इशारा-रेषेच्या उजवीकडे सरकायला लागली, म्हणजे बाळंतपण रेंगाळलं, की डॉक्टरांना बोलवायचं, त्यासाठी तो आहे. पण तसा भरला तर कागदाला रक्ताचे डाग पडतात, मध्येच पेन बदलतं, एखादी नोंद राहते. गुण कापले जातात. म्हणून बाळ दुपट्यात गुंडाळून झालं, आईला चहा पाजला, की निवांत बसून भरून घ्यावा. एकच शाई, एकच हात, सुरेख सरळ रेघ. असे शंभर कागद लावून ठेवलेत तर तुमच्याकडे एकही बाळंतपण अडलेलं नाही, हे कुणालाही दिसेल. अडलेल्या बाईला दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात असते. दोन्ही शेजारी ठेवायची पद्धत नाही.

हात धुण्याचंही तसंच. निरीक्षक वही घेऊन वॉर्डात उभा राहिला की सगळे कोपरापर्यंत धुतात. तेवढ्या वेळातली टक्केवारी घ्या आणि महिनाभर मिरवा.

आता धोक्याची सूचना. २०१२ साली १४० अभ्यास एकत्र तपासले गेले. काम मोजून त्याचा अभिप्राय कर्मचाऱ्यांना दिल्याने अपेक्षित काम साधारण ४.३ टक्क्यांनीच वाढतं, असं निघालं. पण कुठे जास्त वाढतं? जिथे मुळात काम वाईट होतं, जिथे अभिप्राय वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने दिला, एकदा नव्हे पुन्हा पुन्हा दिला, तोंडी सांगितला आणि लिहूनही दिला, शिवाय नेमकं काय गाठायचं आणि कसं, तेही ठरवलं. या सगळ्यापासून लांब राहा. अहवाल वर्षातून एकदा काढा, तो मेट्रनच्या कपाटात ठेवा, आणि वॉर्डात फक्त "६२ टक्के, लाज वाटते का?" एवढंच पोचू द्या. मावशींना तर कळवूच नका. फरशी त्याच पुसतात, पण सही इन्चार्ज सिस्टरची लागते.

एखादी सिस्टर तरीही विचारेल की रात्रपाळीला मी एकटी, टेबलावर तीन जणी, दर अर्ध्या तासाला ठोके कुणाकुणाचे ऐकू? तिला रागावू नका. लेखी द्यायला सांगा. पुढच्या पाहणीत तो अर्ज 'कर्मचाऱ्यांचा सहभाग' म्हणून दाखवता येतो.